जुन्या पत्रकात ११० टाके छापलेत, मावशीने पेन्सिलीने १०९ लिहिलंय. बरोबर कोणाचं?

लोकरीची_पिशवी

नमस्कार. मावशी गेली आणि तिच्या विणकामाच्या पिशव्या माझ्याकडे आल्या. सुया, सुटी बटणं, अर्धवट राहिलेली एक फिकट हिरवी बाही (सुई अजून टाक्यांतच आहे) आणि सगळ्यात खाली पुठ्ठ्याच्या फायलीत नाडीने बांधलेली जुनी ब्रिटिश विणकामाची पत्रकं. तेवीस आहेत. गेले तीन आठवडे रात्री जेवणं झाली की मी तीच घेऊन बसते. एकेक पत्रक उलगडताना घड्यांवरचा कागद सुटायला लागतो, म्हणून आता खाली स्वच्छ पंचा अंथरते.

त्यातली दोन मला खरोखर विणायची आहेत.

पहिलं एका आखूड जंपरचं. कव्हरवरच्या बाईचे केस वर गुंडाळलेले, खांदे चौकोनी, कमरेला चार इंचांचा काठ. साल कुठेच छापलेलं नाही. माप एकच: छाती ३२ ते ३४ इंच, उंची साडेएकोणीस इंच. ७ औंस तीन-प्लाय (तीन पदरी) लोकर, १० आणि १२ नंबरच्या सुया, एका इंचात ७ टाके आणि ९ ओळी. अंगभर पानांची जाळी. मजकूर बारीक अक्षरांत दोन रकान्यांत दाटून बसवलाय, चौकटींवर काढलेला आलेख नाहीच.

पुढच्या भागाला '११० टाके घाला' असं छापलंय. त्याच्या शेजारी मावशीच्या अक्षरात, पेन्सिलीने, गोल करून '१०९'. बाकी काही खुलासा नाही. बाहीच्या परिच्छेदाच्या बाजूला समासात चार उभ्या रेघा आणि एक आडवी, अशा मोजणीच्या खुणा आहेत.

मी दोन वेळा विणून बघितलं. पहिल्यांदा माझ्या बदलत्या टोकांच्या गोल सुयांच्या संचातली १० नंबरची सुई घेतली, तर माशाच्या जाळ्यासारखं झालं. मग बारीक सुया घेतल्या. तेव्हा वीण घट्ट आली, पण फोटोत पानांच्या कडेने जी भोकं दिसतात ती माझ्यात येतच नाहीत, सगळं भरीव दिसतं. 'एम १' (म्हणजे एक टाका वाढवा) आलं की मी दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून पीळ देऊन विणते, हल्ली शिकवतात तसं. आणि ११० धरले तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक टाका उरतो.

माझी छाती ३८ इंच आहे, म्हणजे मापही वाढवावं लागणार.

दुसरं पत्रक खूप नंतरचं, रंगीत, ऐंशीच्या दशकातलं वाटतं. ढगळ स्वेटर, पुढच्या बाजूला काळा स्कॉटी कुत्रा आपल्याकडे तोंड करून आणि पाठीवर तोच कुत्रा पाठमोरा. दाढी फासांची, डोळ्यांना बटणं, शेपूट वेगळी विणून शिवलेली, गळ्यात लाल पट्टा. हे बघून मला इतका आनंद झाला की फाईल बाजूला ठेवून आधी तेच पूर्ण वाचलं. कुत्र्याच्या जागी माझं मांजर काढायचंय. आलेखाच्या वहीत चाळीस चौकटी रुंद आणि चाळीस उंच असं काढून छोटा तुकडा विणला, तर मांजर बसकं आलं, वरून कोणी दाबल्यासारखं. असं का होतं?

जुने नमुने विणलेलं कोणी असेल तर सांगा. पत्रकात फेरफार करण्याआधी मला ते नीट समजून घ्यायचंय.

उलटसुलट

तुमच्या पहिल्या पत्रकातल्या तीनही अडचणींचं मूळ एकच आहे. ते पत्रक अशा बाईसाठी लिहिलंय जिला निम्मं आधीच माहीत होतं. त्यामुळे जे तिला सांगायची गरज नव्हती ते त्यात नाही, आणि आपण तिथेच अडतो. मी वीस वर्षं असेच जुने नमुने विणतेय आणि अजूनही पहिल्या दिवशी सुई हातात घेत नाही. वही घेते आणि सगळं पत्रक स्वतःच्या शब्दांत उतरवून काढते.

आधी सुया. जुन्या ब्रिटिश नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. १२ नंबर म्हणजे २.७५ मिमी, १० म्हणजे ३.२५, ८ म्हणजे ४ मिमी. अमेरिकन नंबर उलटे चढतात आणि त्यांची १० नंबर थेट ६ मिमीची. तुमच्या संचावर अमेरिकन आकडे असणार. म्हणून जाळं झालं. नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

आता 'एम १'. जुन्या ब्रिटिश नमुन्यात, विशेषतः जाळीच्या विणीत, याचा अर्थ बहुतेक वेळा 'धागा पुढे घेऊन जाळीचा टाका वाढवा' असाच असतो. आडवा धागा उचलून पीळ देणं ही नंतर रुळलेली समजूत. तुम्ही पीळ दिलात आणि भोक बुजलं. तुमच्या पानांची ओळ बहुधा अशी असेल: १ सुलट, एम १, ४ सुलट, मग एक टाका न विणता उतरवून पुढचे दोन एकत्र विणायचे आणि उतरवलेला त्यांच्यावरून काढायचा, ४ सुलट, एम १. शेवटी १ सुलट. मोजून बघा. बारा टाके आत जातात, बाराच बाहेर येतात, आणि ओळ मिटवायला वर एक लागतो.

म्हणजे टाके बाराच्या पटीत अधिक एक हवेत. नऊ बारे १०८ आणि एक, १०९. तुमच्या मावशीने हेच मोजलं.

पण म्हणून ११० ला लगेच छपाईची चूक म्हणू नका. एक सुलट एक उलट काठाला सम आकडा सोयीचा, म्हणून पुष्कळ पत्रकांत काठ सम टाक्यांवर विणायला लावतात आणि काठाच्या शेवटच्या ओळीत एखादा टाका वाढवायला किंवा कमी करायला सांगतात. हे वाक्य परिच्छेदाच्या शेपटाला असतं आणि हमखास नजरेतून सुटतं. काठाचा परिच्छेद अक्षरन्‌अक्षर वाचा. कागद घडीवर झिजला असेल तर टॉर्च बाजूने तिरका धरा. त्या काळची छपाई दाबून केलेली असेल तर शाई गेली तरी कागदावर खळगा राहतो.

माप वाढवण्याचं सांगते. मूळ जंपर १०९ टाक्यांचा, इंचाला सात धरले तर पुढचा भाग साडेपंधरा इंच. पुढचा-मागचा मिळून ३१. म्हणजे ३२ ते ३४ च्या छातीवर तो ताणून बसायचा होता. त्या काळची फॅशन तशीच होती. तुम्हाला तेवढा घट्ट नको असेल तर १३३ टाके घ्या, अकरा पानं अधिक एक. १९ इंच एक भाग, घेर बरोबर ३८. अंगाला लागून बसेल पण ओढणार नाही. दहा पानांचे १२१ केलेत तर घेर साडेचौतीस इंच होईल. मी तो घेणार नाही, जाळीची वीण इतकी ताणली की पानांचा आकारच हरवतो.

वाढलेले चोवीस टाके सगळे खांद्यावर नेऊ नका, खांदा दंडावर उतरेल. निम्मे मुंढ्यात कमी करा, दोन्ही बाजूंना सहा-सहा. मुंढाही आठेक ओळी खोल करा, आणि जेवढा मुंढा वाढवाल तेवढाच बाहीचा माथा वाढवा, नाहीतर शिवताना जुळणार नाही.

त्या माथ्याबद्दल एक जपा. कव्हरवरच्या बाईचे खांदे चौकोनी आहेत कारण आत पॅड आहेत, आणि बाहीचा माथा त्या पॅडवर बसण्यासाठी चुण्या घालून फुगवलेला असतो. पॅड नको असतील तर चुण्या काढून माथा साधा करा. पॅड न घालता चुण्या ठेवल्या तर बाही वरून लोंबते.

काळ म्हणाल तर आखूड उंची, पॅडचे खांदे आणि बारीक लोकर हे सगळं चाळिशीच्या दशकाकडे बोट दाखवतं. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आलं, विणायच्या लोकरीलाही कुपनं लागत, आणि ते १९४९ पर्यंत चाललं. जुना स्वेटर उसवून, लोकरीच्या लडी करून, धुऊन पुन्हा विणायची पद्धत तेव्हा घरोघरी होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्या दशकातले काही नमुने आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. तुमच्या पत्रकाशेजारी ते ठेवून वाचा, भाषा एकदम ओळखीची वाटायला लागेल.

आणि ती हिरवी बाही उसवू नका. आधी तिच्यावर नक्षी मोजा.

तीन_पदरी

लोकरीपुरतं लिहितो. माझ्या आजीने विणकाम शिकवलं आणि आता घरात मीच विणतो.

७ औंस म्हणजे साधारण २०० ग्रॅम. पण जुन्या नमुन्याची लोकर वजनावर बदलू नका, मीटरवर बदला. तीन-प्लाय बारीक असते, तेवढ्याच वजनात तिचा धागा चार-प्लायपेक्षा लांब निघतो. चार-प्लाय घेतलीत तर तुम्हाला १३३ टाक्यांच्या मापाला ३०० ग्रॅम तरी लागेल, आणि एक गुंडा जास्तीचा त्याच रंगाच्या लॉटचा घेऊन ठेवा.

'प्लाय' म्हणजे पदर, जाडी नव्हे. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांची दोन पदरांची लोकर नेहमीच्या चार-प्लायच्या जाडीची असते. आकडा वाचून फसायला होतं.

बॅगेत जुनी लोकर असेल तर एक वीत धागा दोन्ही हातांनी ताणा. सहज तुटला तर तिचा मोह सोडा. कसर लागलेली शंका असेल तर बाकी लोकरीपासून लगेच वेगळी करा.

चौकटीचा_कागद

मांजरावर मी बोलते, कारण चित्रांचे स्वेटर हा माझा जीव की प्राण आहे.

टाका चौरस नसतो. तो रुंद असतो आणि बुटका असतो. तुमच्या स्कॉटीच्या पत्रकात बहुधा ४ मिमी सुया आणि १० सेंटिमीटरला २२ टाके, ३० ओळी असं असेल, डबल निटिंग म्हणजे मध्यम जाडीच्या लोकरीचं ते नेहमीचं माप. आता तुमचं चाळीस बाय चाळीस मांजर घ्या. चाळीस टाक्यांची रुंदी झाली १८ सेंमी. चाळीस ओळींची उंची झाली फक्त १३. बसकं येणारच. तेवढीच उंची हवी तर ५५ ओळी लागतील. ज्यांनी ते पत्रक काढलं त्यांनी हे आधीच धरून कुत्रा कागदावर लांबट काढलाय. आलेखातला कुत्रा आणि फोटोतला कुत्रा शेजारी ठेवून बघा, कागदावरचा उंच आणि सडपातळ दिसेल. आलेखाची वही बाजूला ठेवा, तुमच्या मापाची आडवी चौकट असलेला कागद आखून घ्या आणि त्यावर मांजर काढा. कानांची टोकं आणि मिशा शेवटी, विणून झाल्यावर सुईने भरा. एका टाक्याची मिशी विणायला गेलात की ती पायरीपायरीने चढते.

काळा रंग पांढऱ्याच्या मागून ओढत नेऊ नका. पांढऱ्यातून काळं डोकावतं आणि कापड आखडतं. प्रत्येक रंगाच्या भागाला आपापली छोटी गुंडी ठेवा, रंग बदलताना नवा धागा जुन्याच्या खालून वर घ्या, म्हणजे दोघं एकमेकांत अडकतात आणि फट पडत नाही. विणीच्या उलट्या बाजूने बघितलं तर कुत्र्याच्या कडेने बारीक शिवण घातल्यासारखी रेघ दिसली पाहिजे.

दाढीचे फास असे: टाका विणा पण डाव्या सुईवरून सोडू नका. धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणा, अंगठ्याभोवती एक वेढा घ्या, परत मागे न्या, तोच टाका पुन्हा विणा आणि आता सोडा. उजव्या सुईवर दोन टाके झाले, त्यातला पहिला दुसऱ्यावरून काढा. फास पक्का बसतो. अंगठा सगळ्या फासांना एकाच ठिकाणी धरा, मध्येच बोट बदललंत तर दाढी कमीजास्त होते.

लाल पट्ट्याची लोकर आधी पांढऱ्या सुती फडक्यासोबत भिजवून बघा. माझ्या पहिल्या चित्र-स्वेटरचा लाल रंग पहिल्याच धुण्यात पांढऱ्यात उतरला आणि तीन महिन्यांचं काम गेलं. अजून आठवलं की पोटात कालवतं.

तुम्हाला त्या पत्रकाने जो आनंद दिला ना, त्याला मोठी परंपरा आहे. १९२७ मध्ये फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेलीने पॅरिसमध्ये काळा स्वेटर आणला, त्याच्या गळ्याशी पांढरा बो. बो खरा नव्हता, विणीतच होता. तो विणला एका आर्मेनियन बाईने, मागचा पांढरा धागा पुढच्या काळ्यातून किंचित चमकेल अशा पद्धतीने. कपड्यावर कपड्याचं चित्र! मग १९५० च्या दशकात कॅनडातल्या मेरी मॅक्सिम कंपनीचे जाड लोकरीचे नमुने आले, हरणं आणि शिकारी कुत्रे, पुढे चेन. आणि ऐंशीचं दशक तर चित्रांचंच. वॉर्म अँड वंडरफुल नावाने दोन इंग्लिश डिझायनर मैत्रिणींनी १९७९ मध्ये काम सुरू केलं. त्यांचा लाल स्वेटर, ओळीने पांढऱ्या मेंढ्या आणि त्यात एकच काळी, १९८१ मध्ये डायनाने पोलोच्या सामन्याला घातला. तो खराब झाल्यावर राजवाड्यातून दुरुस्तीसाठी पत्र आलं, त्यांनी नवा करून दिला आणि जुना माळ्यावरच्या खोक्यात पडून राहिला. २०२३ मध्ये तो सापडला आणि लिलावात ११ लाख डॉलरच्या वर गेला.

मला त्यातली खोक्याची गोष्ट जास्त भिडते. म्हणून विनंती: ही पत्रकं दुमडून ठेवू नका. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा, दोन्ही बाजू स्कॅन करा, पेन्सिलीच्या खुणांसकट. खुणा खोडू नका. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या विंचेस्टरमधल्या ग्रंथालयात विणकामाचा मोठा संग्रह आहे. तिथे लेस्टरचे बिशप असलेले आणि हातविणकामाचा इतिहास लिहिणारे रिचर्ड रट यांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तकंही आहेत. साधी पत्रकं तिथे जपून ठेवतात, मग आपणही ठेवूया.

एक शेवटचं. ऐंशीच्या पत्रकात '३४ ते ३६ छातीसाठी' असं लिहिलं असेल तर त्याखालची 'प्रत्यक्ष माप' ही ओळ शोधा. स्वेटर ४४ इंचांचाही निघू शकतो. तो तुम्हाला आहे तसाच बसेल.

लोकरीची_पिशवी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लागले, पण सांगण्यासारखं खूप आहे.

उलटसुलट ताई, तुम्ही म्हणालात तसा टॉर्च तिरका धरला. काठाचा परिच्छेद बरोबर घडीवर संपतो, आणि तिथे शाई पूर्ण उडालीय. पण खळगे आहेत. अर्धा तास लागला. 'शेवटच्या ओळीच्या अखेरीस दोन टाके एकत्र विणा.' म्हणजे पत्रकही बरोबर आणि मावशीही बरोबर. तिच्याकडे आलं तेव्हाच घडी झिजलेली असणार, ते वाक्य तिने वाचलेलंच नाही. तिने पानं मोजली आणि सरळ १०९ वर सुरुवात केली.

३.२५ मिमी सुईवर, धागा पुढे घेऊन सॅम्पल विणलं. भोकं आली! पानाच्या दोन्ही कडांना, फोटोत आहेत तशीच. धुऊन वाळवल्यावर इंचाला सात टाके.

मग हिरवी बाही काढली. खिडकीत नेऊन मोजली. बारा टाक्यांची नक्षी, एम १ ला भोक, दोन्ही बाजूंना चार टाके आणि मध्ये तीनाचा एक. हीच बाही आहे, याच जंपरची. पत्रकाच्या समासात बाहीच्या परिच्छेदाशेजारी अकरा खुणा आहेत: पाचाचे दोन गट आणि एक सुटी रेघ. बाहीवर नक्षी अकरा वेळा पूर्ण झालीय आणि बाराव्याच्या तीन ओळी आहेत.

पुढचा-मागचा भाग पिशव्यांत नाहीत, मी सगळ्या उलट्या करून बघितल्या.

सुई टाक्यांत गंजायला लागली होती. शेजारचे दोन टाके तपकिरी झालेत. मी सगळे टाके जाड सुती दोऱ्यावर उतरवून घेतले, एकही गळला नाही. तीन_पदरी दादा, धागा ताणून बघितला, तुटत नाही.

माझ्या जंपरला काल रात्री १३३ टाके घातले, तिच्या पद्धतीने, आधीपासूनच विषम. समासात तिच्या खुणांच्या खाली माझ्या खुणा करू की वेगळ्या कागदावर, हे ठरत नव्हतं. स्कॅन झालेलं आहे, म्हणून पत्रकावरच करायचं ठरवलंय, पेन्सिलीनेच.

मांजराचा आडव्या चौकटींचा कागद आखून झालाय. कान फार टोकदार दिसतायत, फोटो उद्या टाकते.

उलटसुलट

पत्रकावरच करा. मुंढ्यापर्यंत आलात की थांबा आणि इथे लिहा, तिथली वजाबाकी आपण मिळून करू. आणि ते दोन तपकिरी टाके कोमट पाण्यात साबण न घालता भिजवून बघा, घासू नका.